नेकनूर स्टेशनची पेटी

नाना,

तुमचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, शाळेतला कार्यक्रमही परवा पार पडला. आता जरा निवांत तुमच्याशी बोलते. तुम्ही समोर असता तर दुसऱ्याच वाक्याला मला अडवून म्हणाला असता, ‘थांब मीरा, आदी माजं ऐक.’ आज तेवढं माझ्या पथ्यावर पडलंय. आज सून बोलणार आणि सासरे ऐकणार.

दहाव्याला लोक तुमच्याबद्दल बोलले. कार्यानुभवाचे गुरुजी म्हणून तुमच्या बदल्या कुठं कुठं झाल्या, चकलांब्याच्या शाळेचं मोडकं दार तुम्ही स्वतः कसं बसवलं, तुम्ही कधी कुणाला छडी लावली नाही, सगळं बोलले. खरंच होतं ते. पण तुमच्या पेट्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मी बायकांत बसले होते. उठून सांगावंसं फार वाटलं, पण तिथं सुनांनी बोलायची पद्धत नाही. मग मनाशी म्हटलं, आपण नंतर सांगू आणि नीट सांगू.

तर पेट्या. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आपली रेल्वे होती, तिच्या पोटातल्या पेट्या. माझ्या नवऱ्यानं, तुमच्या विकासनं, पुण्याहून आमच्या पोरांसाठी विजेवर चालणाऱ्या छोट्या आगगाडीचा सेट आणला होता. पोरांचा जीव लवकरच विटला, तुमचा मात्र जडला. जन्मभर पोरांना पुठ्ठ्याची घरं करायला शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर अख्खा मुलूख प्लायवर उभा करायला मिळाला. तुम्ही डोंगर केलात, त्यावर नारायणगडासारखं देऊळ ठेवलंत, लाकडाच्या भुश्श्याला रंग देऊन ज्वारीची रानं केलीत, रस्त्यावर फाटक केलंत, बीडचं स्टेशन केलंत. आणि त्याच्या पुढं नेकनूरचं स्टेशन केलंत. खरी रेल्वे आपल्या गावाला येणार नाही, तिचा रस्ताच वेगळा आहे, हे सगळ्यांना ठाऊक. तुमचे धाकटे भाऊ, आपले आबा, एकदा वर आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, “नाना, सरकारला ठावं न्हाई आन तुमी स्टेशन बांदलं बी?” तुम्ही स्टेशनच्या पाटीवर ‘नेकनूर’च्या ‘र’ला पिवळ्या रंगावर काळं करत होतात. मान वर न करता म्हणालात, “माज्या प्लायवर माजं सरकार हाय.”

मी त्या सरकारात आले ते वाळवणामुळे. गच्चीवर कुरडया घालायला आले होते आणि आत तुम्ही गाडीच्या कंट्रोलरला चापट्या मारत बसला होतात. एक वायर सुटली होती, बाकी काही नाही. मी खालून माझी डाख मारायची जुनी इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, आणली आणि वायर जोडून दिली. गाडी पळाली. तुम्ही गाडीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिलात.

“तुला ह्ये येतंय?”

“इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, नाना.”

“मंग आजवर सांगितलं कावून न्हाई?”

“कुणी विचारलं नाही.”

तुम्ही पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलंत आणि म्हणालात, “बस.” एवढ्यावर ठरलं. त्या डिप्लोम्याचा या घरात मिक्सर दुरुस्त करण्यापलीकडे काही उपयोग झाला नव्हता, आणि तो आपला आपण वापरावा असं मलाही सुचलं नव्हतं. ते एक स्टूल पुढं आलं नसतं तर अजूनही सुचलं नसतं, नाना. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. आपल्याला एकमेकांचं कौतुक करण्यापेक्षा एकमेकांच्या चुका काढायला जास्त आवडायचं.

त्यानंतर मी बोर्डं आणली. तळहाताएवढी निळी पाटी, तिच्यावर एक छोटी चिप, आणि त्या चिपमध्ये आपण लिहून भरलेले हुकूम. गाडी अमुक ठिकाणी आली की फाटक पाड, सिग्नल लाल कर, सांधा बदलून गाडी दुसऱ्या रुळावर घे. तुम्हाला ते लई आवडलं. “म्हंजी ह्यो आपला स्टेशन मास्तर,” तुम्ही म्हणालात आणि त्या दिवसापासून बोर्डाला मास्तर म्हणायला लागलात.

आता मास्तरला बसवायचा कुठं, हा प्रश्न पडला. मी ग्लू-गननं पहिलं बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवलं. पत्र्याच्या खोलीतला मे महिना काय असतो हे मी कुरडया घालताना अनुभवलं होतं, पण बोर्ड चिकटवताना विसरले. गोंद मऊ पडला आणि बोर्ड वायरींच्या आधारानं खाली लोंबायला लागलं. तुमची कंबर वाकत नव्हती, म्हणून तुम्ही दाढीचा आरसा टेबलाखाली धरलात, त्यात पाहिलंत आणि म्हणालात, “मीरा, मास्तर झोका खेळतोय.”

मग तुम्ही म्हणालात, सरळ स्क्रू मारू. मी म्हटलं, जमणार नाही. बोर्डाच्या पाठीला डाखाची टोकं असतात, ती लाकडाला चिकटून राहिली तर पावसाळ्यात ओल धरतात, आणि स्क्रूचं डोकं शेजारच्या तांब्याच्या रेषेला टेकलं तर बोर्ड जळतं. बोर्ड लाकडापासून थोडं उचलून धरायला हवं, त्याला चार पाय हवेत. त्यासाठी प्लॅस्टिकचे स्पेसर मिळतात, पण मी बीडचा अख्खा बाजार पालथा घातला तरी मिळाले नाहीत. तुम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत गेलात आणि पोरांची संपलेली बॉलपेनं पिशवीभर गोळा करून आणलीत. त्यांच्या नळ्या करवतीनं कापल्यात आणि काचपेपरवर घासून घासून एका उंचीच्या केल्यात. स्क्रू नळीतून लाकडात उतरतो आणि बोर्ड वर निवांत बसतं. स्क्रूच्या डोक्याखाली घालायला तुम्ही तेलाच्या कॅनच्या प्लॅस्टिकच्या चकत्या कापल्यात. नेकनूरच्या पोरांचा सगळा गृहपाठ आपल्या रेल्वेखाली उभा होता, असं मी विकासला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसत होता.

आणि खंडेनवमी आठवते ना? आठवत नाही असं म्हणू नका. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची म्हणून तुम्ही करवत, रंधा, पटाशी सगळं पुसून पाटावर मांडलंत. मी खाली पुरणाच्या तयारीत होते. तुम्हाला वाटलं, आपली पूजा झाली आणि सूनबाईच्या हत्याराची राहिली तर बरं दिसणार नाही. म्हणून तुम्ही मास्तरला खरं हळदीकुंकू लावलंत. तेही कोरडं नाही, पाण्यात कालवून, बोट भरून, बरोबर चिपच्या कपाळावर. वरून अक्षता टाकल्यात. संध्याकाळी मी बटण दाबलं तर फाटक एकसारखं खालीवर व्हायला लागलं, गाडीला नमस्कार घातल्यासारखं, आणि थोड्या वेळानं जळका वास सुटला. माझा चेहरा बघून तुम्ही म्हणालात, “पूजा जास्त झाली का गं?”

मला हसावं की रडावं कळेना. पण पुढच्या वर्षी पूजा करू नका, असं मी म्हणाले नाही आणि तुम्हीही तसं म्हणाला नाहीत. आपल्या दोघांत हीच एक चांगली गोष्ट होती. तुम्ही म्हणालात, “मास्तरला घर पायजे. पूजा घराच्या उंबऱ्याची करू, मास्तरच्या अंगाला हात लावायचा न्हाई.”

अशी पहिली पेटी झाली. तुम्ही ती पातळ प्लायची केलीत, कोपऱ्यांना खाचा पाडून, एक खिळा न मारता. हवा खेळायला भोकं हवीत, नाहीतर उन्हाळ्यात आत शिजेल, असं मी सांगितलं होतं. मी ती झाकणाला सांगितली होती. तुम्ही म्हणालात, झाकणाला नको, वरून अक्षता आत पडतील. म्हणून भोकं बाजूला पाडलीत, तीही तिरकी, खालच्या अंगाला तोंड करून. मग पालीचं बघितलंत. पाल आत शिरली तर एका शेपटीत सगळी लाईन बंद, म्हणून आतून मच्छरदाणीची जाळी लावलीत. उंदरांसाठी वायरी जिथून आत जातात तिथं सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बसवलंत. ऊन, धूळ, पाल, उंदीर आणि हळदीकुंकू, एवढ्यांचा विचार करून बांधलेली पेटी जगात दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. मला त्या पेटीचा अभिमान वाटतो. तुमचा वाटतो, नाना. दहाव्याला हेच सांगायचं राहून गेलं.

दुसरी पेटीही तशीच झाली. भांडण झालं ते तिसरीवरून.

तिसरं बोर्ड नेकनूर स्टेशनचं, सगळ्यांत मोठं. दोन सांधे, पाच सिग्नल, स्टेशनचे दिवे आणि घंटा, सगळं त्याच्याकडे. पहिल्या दोन पेट्या टेबलाखाली होत्या. तिसरीही खालीच जाणार हे मी धरून चालले होते. लोकांनी गाडी बघावी, डोंगर बघावा, वायरी कशाला बघायच्या? स्वयंपाक वाढताना चूल पानात ठेवत नाहीत, असं मी तुम्हाला ऐकवलंही होतं. तुमचं म्हणणं दुसरंच. ही पेटी टेबलाच्या दर्शनी बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायची, आणि झाकण पारदर्शक करायचं.

“तुजं काम बगायला मला दाढीचा आरसा लागतोय,” तुम्ही म्हणायचात. “ही काय रीत झाली?”

“तुम्हाला माहितीये ना मी काय केलंय? मग झालं.”

“मला म्हाईत असून काय करायचंय? गाडी तर कुनीबी बगंल. तुजं काम कोन बगंल?”

हे तुम्ही कितीदा बोललात. मी दरवेळी म्हणाले, नको, वायरी दिसतात, बावळट दिसतं. तुम्ही पेटी करायचीच थांबवलीत. म्हणालात, दर्शनी लावणार असशील तर करतो, नाहीतर तुझा मास्तर बसू दे तसाच उघड्यावर. आणि तो बसला, टेबलाखाली, पेनांच्या नळ्यांवर, बिनाघराचा. तुम्हीही हट्टी आणि मीही हट्टी. तुमच्या मंडळी, आमच्या आत्याबाई, खालून विचारायच्या, “काय चाललंय गं वर? भांडताय का हसताय?” मी म्हणायचे, दोन्ही.

बीडला खरी रेल्वे आली तेव्हा आपण दोघं बसनं बघायला गेलो होतो. काय गर्दी होती. म्हातारी माणसं डोळे पुसत होती, कुणी इंजिनाला हार घालत होतं, कुणी रुळाला हात लावून तो कपाळाला लावत होतं. मी गाडी बघून भारावून गेले होते. तुम्हाला शोधलं तर तुम्ही गाडीकडे पाठ करून रुळाच्या कडेला उभे. तिथं सिग्नलची पत्र्याची चंदेरी पेटी होती, तिच्याभोवती फेरी मारत होतात. मला हातानं बोलावलंत आणि एवढ्या गर्दीत मोठ्यानं म्हणालात, “बग. ह्यांनी पेटी कुठं ठिवलीय? दर्शनी ठिवलीय. टेबलाखाली ठिवलीय का?”

मी म्हटलं, “नाना, ह्यांच्याकडं टेबलच कुठाय?”

तुम्ही परतीच्या बसमध्ये नेकनूरपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत, आणि स्टँडवर उतरल्यावर भजी खायला घातलीत.

शाळेच्या मोठ्या बाईंना तुम्ही शब्द दिला होता. स्नेहसंमेलनात रेल्वे शाळेच्या हॉलमध्ये चालेल आणि पुढं तिथंच राहील, पोरांना बघायला. पत्र्याची खोली तिला आता पुरत नाही, हेही खरंच होतं. डोंगराचे दोन भाग सुटे करून ठेवलेत, रूळ कुठं जोडायचे तिथं खुणा केल्यात. आणि एका दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी चहा घेऊन आले होते. चहा झाकून ठेवला, असं मला वाटतं. नीट आठवत नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगत बसत नाही. एक सांगते. वर जाऊन खोली बंद केली नाही. रोज झाडली.

आबांचं म्हणणं पडलं की यंदा वर्ष आहे, घरात सण नाही, मग गाड्या कसल्या पळवता. “वरीस होऊ द्या की. लोकं काय म्हनतील?” तेव्हा आत्याबाई बोलल्या. त्यांनी तुमची रेल्वे कधी डोळ्यांनी बघितलीही नव्हती. गुडघ्यांमुळे गच्चीचा जिना त्यांना चढवत नाही, त्या जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून चहाचे कप माझ्याकडे द्यायच्या आणि तुमच्या नादाला खूळ म्हणायच्या. पण आबांना त्या म्हणाल्या, “त्यांनी सबुद दिलता. मंग जाऊ द्या ती गाडी साळंत. आन मलाबी न्या.”

टेम्पोतून सगळं शाळेत नेलं. नेकनूरचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. हॉलमध्ये जोडाजोड झाली, मी गाडी सोडली. डोंगर चढली, फाटकातून गेली, बीडला थांबली, सुटली आणि नेकनूरच्या अलीकडे, सिग्नलपाशी, लाल दिव्यासमोर उभी राहिली ती उभीच. तिला येऊ द्यायचा हुकूमच मिळेना. बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, “आपल्या भागातली रेल्वे हाय राव. एवढ्यात कशी येईल?” आणि हॉल हसला. नाना, आपल्या जिल्ह्यानं रेल्वेची केवढी वाट पाहिली आणि तिच्यावर किती विनोद केले, ते ऐकत तर मी या जिल्ह्यात लहानाची मोठी झाले. पण तुमचं नाव त्या विनोदात यायला नको होतं.

मी पदर खोचून टेबलाखाली शिरले. बोर्ड बिनाघराचं होतं ना, रस्त्यातल्या खड्ड्यांनी त्याची एक वायर हलवली होती. अंधार होता. मी हात पुढं केला आणि सवयीनं म्हणाले, “नाना, जरा बॅटरी धरा इकडं.”

कुणी धरली नाही. मी तशीच उताणी पडून राहिले. वरच्या बाजूला आबा मोठ्या बाईंना सांगत होते, अगदी आपुलकीनं सांगत होते, “समदं नानानंच केलतं बगा. सूनबाई निस्ती हाताखाली असायची, ह्ये दे, ते दे. त्याच्यामागं आता कोन चालवनार? तुमी ती तशीच मांडून ठिवा. लोकं बगून जातील, तेवढंच त्याचं नाव.”

मोठ्या बाई म्हणाल्या, “तसंच करू मग. बंद असली तरी सुंदरच आहे.”

राग आला. चांगलाच आला. पण पडल्या पडल्या वर बघितलं तर प्लायच्या त्या बाजूला सगळं माझं होतं आणि ह्या लोकांना ते दिसायचा मार्गच नव्हता. आबा खोटं बोलत नव्हते. त्यांना जेवढं दिसत होतं तेवढं ते सांगत होते. आणि तुम्ही जे इतक्यांदा म्हणत होतात, त्याचा अर्थ तिथं धुळीत पडून माझ्या डोक्यात उतरला. मी समजत होते, तुम्हाला तुमची पेटी लोकांना दाखवायची हौस आहे. तुम्हाला पेटी दाखवायची नव्हतीच.

बाहेर आले, केसातली जळमटं काढली आणि म्हणाले, “बाई, गाडी चालणार. परवापर्यंत नेकनूरला पोचणार.”

आबा म्हणाले, “आगं पन कशी?”

“माझी आहे, म्हणून.”

असं मी आबांना बोलले, नाना. सगळ्यांच्या देखत. बिचाऱ्या आबांनी माझ्यासाठी खुर्ची आणली.

पेटी मी केली. तुमच्या करवतीनं केली. मला वाटायचं तुमचं काम सोपं आहे, माझं अवघड. खाचा जुळवता जुळवता नाकी नऊ आले. एक कोपरा काटकोनात आला नाही तो नाहीच, पेटी चकलांब्याच्या बाजूला जरा झुकलीय असं विकास म्हणतो. भोकं बाजूला पाडली, तिरकी. जाळी लावली, रबर लावलं. पारदर्शक झाकणासाठी बीडला रेडियमच्या दुकानात गेले, तिथं नंबर प्लेटींच्या अॅक्रिलिकचे तुकडे उरलेले असतात, तुम्हीच मला ते दुकान दाखवलं होतं. दुकानदारानं विचारलं, “गुरुजी न्हाई आले?” मी सांगितलं. त्यानं हातातलं काम ठेवलं, तुकडा कापून त्याच्या कडा चांगल्या गुळगुळीत करून दिल्या, आणि मी निघेपर्यंत उभाच राहिला.

मग ती पेटी मी टेबलाच्या दर्शनी बाजूला लावली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. फुशारून जाऊ नका. पहिल्या दोन खालीच आहेत आणि खालीच राहतील. वायरी अजूनही मला बावळटच दिसतात. त्या मी दोऱ्यानं बांधून एका ओळीत आणल्या, तेवढं तुमच्याच्यानं झालं नसतं.

परवा हॉल भरला होता. मोठ्या बाईंनी तुमचं नाव घेतलं आणि मला बटण दाबायला सांगितलं. गाडी डोंगर चढली, देवळाखालून गेली, फाटक पडलं, बीड आलं, गेलं. लोक पुढं झुकले. ज्यांनी त्या दिवशी विनोद केला होता तेही झुकले होते. आणि मी बघितलं तर काही जण गाडी सोडून पेटीसमोर गोळा झाले होते, काय लागतंय, काय विझतंय ते बघत. “ह्यो दिवा आत्ताच कावून लागला?” एकानं विचारलं. मी सांगितलं, गाडी त्या वळणावर आली म्हणून. “आन हे तुमी लिवलंय?” हो, म्हटलं, मी. मग दुसऱ्यानं विचारलं, तिसऱ्यानं विचारलं. मी जन्मात कधी इतकं ‘मी’ म्हणाले नसेन.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. आबांच्या हाताला धरून, गर्दीतून वाट काढत. आबांनी त्यांना गाडी दिसेल अशी खुर्ची दिली. त्यांनी ती उचलायला लावली आणि पेटीसमोर मांडायला लावली. बसल्या, पदर सावरला, चष्मा वर केला आणि झाकणाला नाक लावून आत बघत राहिल्या.

“ह्ये काय हाय गं?”

“नेकनूर स्टेशनचं बोर्ड आहे, आत्याबाई. गाडी ह्याच्यावर चालते.”

“कुनी केलं?”

“मी.”

“समदं?”

“आतलं समदं. बाकीच्या पेट्या नानांनी केल्या.”

त्यांनी बोट झाकणावर ठेवलं, आत एक दिवा लागला, तिथं बोट नेलं. विझला, दुसरा लागला, तिकडं नेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “रोज म्हनायचे. जेवताना रोज म्हनायचे, मीरा करती गं समदं, मी निस्त्या पेट्या करतो. मला वाटायचं, मानूस थट्टा करतंय.”

घंटा वाजली. गाडी नेकनूरला लागली आणि हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्या वाजल्या, आबा सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. आत्याबाईंनी मान वळवली नाही. त्या दिवे बघत होत्या.